खाली ठेवायचं

सकाळी उठल्यावर भालचंद्र टिपणिसांची जीभ टाळूला चिकटलेली असे. पाकिटावर जुनं तिकीट बसावं तशी घट्ट. ती सोडवायची तर आधी तोंडात थोडी लाळ हवी, आणि लाळ तर रात्रीच कुठे परागंदा झालेली. ओठांना भेगा, नाकात खपल्या, आणि घसा असा की आत पापड वाळत घालावेत. नाकावरचा मुखवटा काढून ते पलंगाच्या काठावर बसत आणि चोरट्यासारखे दाराकडे बघत. अरुणाताई चहा घेऊन येण्याआधी निदान "हो" म्हणण्यापुरता आवाज फुटावा, एवढीच त्यांची इच्छा असे. ती बहुधा पुरी होत नसे.

"लागली का झोप?" अरुणाताई विचारत.

भालचंद्रराव मान हलवत आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

रात्रभर नाकात हवा सोडणारं ते यंत्र घरात आलं, ती हकिगतच मुळात लाजिरवाणी होती. भालचंद्रराव तरुणपणी सरकारी अनुवादक म्हणून दिल्लीला आले. परिपत्रकं हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत करता करता नोकरी संपली, आणि गाझियाबादेत वसुंधरा नावाच्या वस्तीतल्या एका सोसायटीत पुस्तकांसकट ते स्थायिक झाले. दिल्लीतल्या मराठी मंडळात त्यांना मान होता. त्या मानाला आपण लायक नाही अशी त्यांची पक्की समजूत होती, त्यामुळे तो मान मिळाला की त्यांना आनंद होण्याऐवजी घाम फुटे. दिवाळीनंतर मंडळाने त्यांना निबंधस्पर्धेच्या बक्षीस समारंभाचं अध्यक्ष केलं. विषय होता 'माझी मायबोली'. पहिली आलेली अबोली नावाची चिमुरडी मोठ्या उत्साहाने निबंध वाचत होती. "मराठी ऐकली की कान तृप्त होतात," असं ती म्हणाली आणि त्याच क्षणी अध्यक्षांच्या समोरच्या माइकमधून सभागृहभर एक घुर्रर्र घुमला. अबोली थांबली. पुन्हा वाचू लागली. पुन्हा घुर्रर्र. आधी मुलं हसली, मग मुलांना दटावणाऱ्या आया हसल्या. पहिल्या रांगेत अरुणाताई पर्सच्या बंदाशी चाळा करत खाली मान घालून बसल्या होत्या. जागे झाल्यावर भालचंद्ररावांना पहिल्यांदा दिसली ती त्यांची ती मान.

मुलाने, परीक्षितने, गुरुग्रामहून येऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं. झोपेत श्वास अडतो, पुन्हा पुन्हा अडतो, आणि घोरणं हा त्या अडण्याचा नुसता गाजावाजा आहे, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून बघा, मानवलं तर विकत घ्या, नाही मानवलं तर परत करा.

घोरण्याची झळ त्याआधीच घरात लागली होती. अरुणाताई कित्येक वर्षं बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर झोपत. तक्रार म्हणून नव्हे, आपोआपच तसं झालं होतं. पण यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी निळ्या फुलांच्या अभ्र्याची आपली उशी उचलली आणि पलंगावर भालचंद्ररावांच्या उशीशेजारी आणून ठेवली. ते बघून भालचंद्ररावांना इतकं बरं वाटलं की त्या उशीकडे धड बघवेनाही. आता हे यंत्र मानवायलाच हवं, असं त्यांनी मनाशी घोकलं.

यंत्र बसवायला राजवीर नावाचा माणूस आला होता. नेमकी त्याच दिवशी नात सलोनीही आलेली. कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. राजवीरने मुखवटा आजोबांच्या नाकावर चढवला, पट्टे आवळले आणि नळी जोडली.

"आबा, काय भारी दिसताय! फायटर पायलट!" सलोनी म्हणाली. "थांबा, फोटो काढते, पप्पांना पाठवते."

भालचंद्ररावांनी मुखवटा ओरबाडून काढला, "फोन आलाय" असं पुटपुटले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. फोन खिशात गप्प होता. समोर डिसेंबरचं धुकं आणि धूर एकजीव झालेले. राजवीर आत हिंदीत भराभर सगळं सांगत होता आणि अरुणाताई ऐकत होत्या. तो गेल्यावरच ते आत आले.

"नीट ऐका हं," पोळ्या लाटता लाटता अरुणाताई म्हणाल्या. "त्या मशीनला पाण्याचा डबा आहे. पाणी असतं ना त्यात, म्हणून ते खाली ठेवायचं. नाहीतर पाणी नळीतून नाकात येतं म्हणे. विसरू नका, खाली ठेवायचं."

"खाली. बरं."

झोपायच्या खोलीत जाऊन बघतात तर डबा पाण्याने भरलेला! अरुणाच्याच हातून भरला गेला असणार. आत्ता तर सांगितलं, आणि स्वतःच विसरली. तिला ओशाळं वाटायला नको म्हणून भालचंद्ररावांनी तो डबा गुपचूप तुळशीत ओतला, फडक्याने कोरडा पुसला आणि यंत्राला पुन्हा लावून टाकला. यंत्र पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर, शब्दकोशांच्या मागे दडवलं. दिवसा त्याच्यावर पंचा टाकायचा, रात्री दिवा मालवल्यावरच मुखवटा चढवायचा. स्वच्छ पाण्याची एक बाटली राजवीर ठेवून गेला होता. ती मुखवटा धुवायला असणार असं त्यांनी धरलं आणि रोज त्या पाण्याने मुखवटा भक्तिभावाने धुतला. बाटली कमी होत होती, त्यामुळे अरुणाताईंनाही सगळं यथास्थित चाललंय असंच वाटलं. स्वयंपाकघरातून त्या अधूनमधून विचारत,

"खाली आहे ना ते?"

"हो, खालीच आहे," आतून उत्तर येई.

आणि दोघंही निर्धास्त.

यंत्र काम चोख करी. घोरणं थांबलं, श्वास थांबेनासा झाला. पण कोरडी हवा रात्रभर नाकातून अशी धावे की सकाळी आपण माणूस नसून वाळवंट आहोत असं वाटावं. भालचंद्ररावांनी उपाय केले ते सगळे चोरून. नाकपुड्यांना साजूक तूप लावलं. गालात खडीसाखर धरली. कोशाच्या मागे पेला लपवला. डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलं, पण म्हणायचं काय? हवा सोसत नाही? जगाला हवा सोसते! एवढ्या महागड्या यंत्राची हवा खाऊन वर तक्रार करणारा म्हातारा, अशी आपली नोंद होईल. समारंभात जे झालं त्याची ही शिक्षा आहे असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि शिक्षा म्हटल्यावर ती मुकाट्याने भोगायची असते.

बैठकीच्या खोलीत हीटर होता. दिल्लीकडच्या घराघरांत असतं तसं त्याच्यापुढे पाण्याचं पातेलं ठेवलेलं असे, खोलीतली हवा कोरडी पडू नये म्हणून. भालचंद्रराव रोज त्या पातेल्याला वळसा घालून जात. त्यांच्या डोक्यात काही म्हणजे काही येत नसे.

मुकाट्याने भोगण्यात एक गफलत मात्र झाली. सकाळचं ते मुकेपण अरुणाताईंच्या बाजूने निराळंच दिसत होतं. त्या चहा आणत, काहीतरी विचारत, आणि नवरा मान हलवून पेपर वर धरी. एका सकाळी त्यांनी कपबशी टेबलावर ठेवली आणि तिथेच थांबल्या.

"माझं इथे झोपणं तुम्हाला अडचणीचं होतंय का?"

भालचंद्ररावांनी तोंड उघडलं. "छे, काहीतरीच काय" असं त्यांना म्हणायचं होतं. जीभ टाळूपासून सुटली तेवढ्यात "च्" असा एक आवाज आला, कंटाळलेल्या माणसाचा येतो तसा. ते खोकले. पेल्याकडे हात नेला, पण पेला कोशामागे लपवलेला, तो आत्ता कसा काढायचा? त्यांनी पेपर वर घेतला.

"बरं," अरुणाताई म्हणाल्या.

संध्याकाळी निळ्या फुलांची उशी दिवाणावर परत गेली. दुपारभर भालचंद्ररावांना आवाज होता. जेवताना होता, चहाच्या वेळी होता. पण विषय कुठून काढावा ते कळेना, आणि काढायचा तर यंत्रापुढे आपण हरलो हेही सांगावं लागणार. उशी जाताना दिसली तेव्हा ते कोशात कुठला तरी शब्द शोधत होते. कुठला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं. यंत्र परत. रविवारी राजवीर येणारच होता, त्याला म्हणायचं, मानवत नाही. पुन्हा घोरू. घोरताना निदान तोंड ओलं असतं. उशी तशीही गेलीच आहे.

रविवारी सकाळी सलोनी आली. रविवारी या घरात एक नियम असे, भालचंद्ररावांनीच केलेला. बोलताना ज्याच्या तोंडी हिंदी शब्द येईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. इंग्रजीला माफी होती, नाहीतर कोणी बोललंच नसतं. नियम झाल्यापासून चहा बहुतेक सलोनीनेच केला होता, कधी परीक्षितने, एकदा तर अरुणाताईंनीही. भालचंद्ररावांनी एकदाही नाही. हिंदी-मराठीतल्या सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांवर त्यांनी मंडळाच्या वार्षिकात 'जुळे शब्द' असा लेखही लिहिला होता. शिक्षा, चेष्टा, यातायात वगैरे. तो सलोनीला त्यांनी दोनदा वाचायला लावला होता.

यंत्र खोक्याशेजारी जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. सलोनीने बाजूची बाटली उचलून हलवली.

"आजी, ही पाण्याची बॉटल खाली झालीये. फेकू?"

"रिकामी," भालचंद्रराव म्हणाले. घसा अजून खरखरत होता, पण हे त्यांच्या तोंडून झोपेतही आलं असतं.

"झालं! क्या यार, आबा!"

"हे आणखी एक. दोनदा चहा. बाटली रिकामी होते. खाली काय, ती पडते. खाली म्हणजे तळाच्या बाजूला. मी लेखात लिहिलंय."

"माहितीये, पाठ आहे." सलोनीने हात कमरेवर ठेवले. "मग असं म्हणू का, की ताटं घ्यायचीयेत म्हणून मी हे मशीन खाली ठेवते? चालेल? शुद्ध?"

"हं. हे शुद्ध. मशीन खाली..."

भालचंद्रराव तिथेच थांबले.

"अगं, तेच तर मी यांना पहिल्या दिवसापासून सांगतेय," स्वयंपाकघरातून अरुणाताईंचा आवाज आला. "खाली ठेवा, डोक्याच्या खाली. तो राजवीर चारचारदा म्हणाला होता, नीचे रखना, नीचे रखना."

पाणी असतं ना त्यात, म्हणून खाली ठेवायचं. ते वाक्य भालचंद्ररावांनी मनात उलटसुलट करून पाहिलं. साधं, घरगुती, मराठी वाक्य. मराठी बाईने मराठी नवऱ्याला सांगितलेलं. आणि त्यांनी ते कुठल्या कानाने ऐकलं? त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जन्मभर ते दोन भाषांच्या मधोमध द्वारपाळासारखे उभे होते, कोण आत येतंय आणि कोण बाहेर जातंय ते बघत, आणि तो शब्द त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या तोंडून, त्यांच्या नाकाखालून वेषांतर करून निघून गेला होता.

दारावरची घंटा वाजली.

राजवीर आत आला, बूट काढले, नमस्कार केला. "अंकल जी को सूट नहीं की क्या?" असं खोक्याकडे बघत म्हणत त्याने यंत्र पुढ्यात ओढलं आणि सवयीने पाण्याचा डबा बाहेर काढला. डबा कोरडा ठणठणीत. तळाला बारीक धूळ.

"अंकल जी, इसमें पानी नहीं डाला कभी?"

"जी," भालचंद्रराव म्हणाले. घाबरले की त्यांच्या तोंडी परिपत्रकातली हिंदी येई. "हमें ऐसा निर्देश प्राप्त हुआ था।"

"किसने बोला?"

आणि भालचंद्ररावांनी अरुणाताईंकडे पाहिलं. बोलले नाहीत, बोट दाखवलं नाही. नुसती नजर गेली, निमिषभर, आणि परत आली. पण तेवढ्यात सगळ्यांनी ती पाहिली. हात पुसत दारात आलेल्या अरुणाताईंनीही.

"मी?" त्या म्हणाल्या. आत निघून गेल्या.

"कोई बात नहीं, हो जाता है," राजवीर चाचरत म्हणाला. "बिना पानी के तो गला सूखेगा ही। तो अब... वापस ले जाऊँ?"

एक "हाँ" म्हटलं की सुटका होती. यंत्र जाईल, डबा जाईल, शब्द जाईल. कुणाला काही कळणार नाही. अरुणाला वाटेल आपणच काहीतरी चुकीचं सांगितलं. ती तसं समजून गप्प बसेल, जशी दिवाणावर जाऊन गप्प बसली तशी. भालचंद्ररावांना आपल्या त्या नजरेची अशी काही किळस आली, की समारंभातल्या घोरण्याचं त्यापुढे काहीच वाटेना. घोरताना ते झोपेत तरी होते.

"ज़रा ठहरिए," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

अरुणाताई गॅसकडे तोंड करून फोडणी परतत होत्या. सलोनी कोथिंबीर निवडत होती. तिला बाहेर जायला सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी सांगितलं नाही.

"तू बरोबरच सांगितलं होतंस," ते म्हणाले. "माझी ऐकण्यात चूक झाली."

"ऐकू येतं की चांगलं तुम्हाला."

"ऐकू आलं. पण..." जीभ पुन्हा टाळूकडे चालली होती. "हिंदीत ऐकू आलं."

अरुणाताईंचा कालथा थांबला. सलोनीची कोथिंबीर थांबली.

"म्हणजे खाली... एम्प्टी? आबा! तुम्ही? 'जुळे शब्द'वाले तुम्ही?" आणि ती अशी हसत सुटली की तिला ओट्याला धरावं लागलं. "रोज आजी विचारायची, खाली आहे ना, आणि तुम्ही, हो, खालीच आहे!"

भालचंद्रराव मान खाली घालून उभे राहिले. हवं तेवढं हसू दे तिला, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हसून झाल्यावर ते बायकोला म्हणाले,

"सकाळी मी बोलत नव्हतो ते रागाने नाही. तोंडातून आवाज निघत नसे. जीभच सुटत नसे."

अरुणाताई हसल्या नव्हत्या. "दुपारी सुटत होती ना? दिवसभर सुटत होती. तेव्हा सांगायचं."

"लाज वाटली."

"कसली?"

"सगळ्याचीच," ते म्हणाले.

"मी समजले, मी आत आलेली तुम्हाला नको झालेय." अरुणाताईंनी गॅस बारीक केला. "आणि आत्ता त्या माणसासमोर माझ्याकडे बघितलंत."

"हो."

"ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

कढईत फोडणी करपायला आली होती. अरुणाताईंनी ती वाचवली.

"आबा," सलोनी हळूच म्हणाली, आता डोळे पुसत, "नियम नियम असतो."

चहा भालचंद्ररावांनी केला. आलं कुठे असतं ते त्यांना विचारावं लागलं, आणि साखर घालायची राहिली ती राहिलीच. राजवीरने एक घोट घेतला, "बढ़िया है, अंकल जी," म्हणाला आणि कप अर्धा भरलेलाच बशीत ठेवला. यंत्र त्याने परत नेलं नाही. डबा धुऊन, नवी बाटली फोडून रेषेपर्यंत भरला, ओलाव्याचा आकडा वाढवून दिला आणि पलंगाशेजारी एका बुटक्या स्टुलावर यंत्र मांडलं.

"लीजिए, नीचे रख दिया।"

"हाँ भैया, नीचे ही बोलिएगा," सलोनी म्हणाली. "वो दूसरा वाला शब्द इस घर में मत बोलना।"

"चहा," भालचंद्रराव पुटपुटले, पण कोणी ऐकलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.

संध्याकाळी सलोनी गुरुग्रामला परत गेली. घर शांत झालं. भालचंद्रराव खुर्चीत पुस्तक उघडून बसले होते, पान उलटत नव्हतं. आता अबोलीचीही माफी मागायला हवी, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते कसं जमणार या विचाराने घसा पुन्हा कोरडा पडला.

अरुणाताई दिवाणाजवळ उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी चादर झटकली, घडी घातली, पुन्हा मोडून घातली. मग उशी काखेत घेतली.

"आज गारठा फार आहे," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हीटर आतच घेऊ या. मी हीटर नेते, तुम्ही ते पातेलं आणा. शिळं पाणी आहे, ते आधी रिकामं करा. मग ताजं भरा आणि पलंगाशी खाली ठेवा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "समजलं, की हिंदीत सांगू?"

"समजलं," भालचंद्रराव म्हणाले. त्यांचे कान पुन्हा तापले होते.

शिळं पाणी त्यांनी तुळशीत ओतलं. नळाखाली पातेलं भरलं, दोन्ही हातांनी धरून, पाणी हिंदकळू न देता आत आणलं. मग गुडघ्यावर हात देऊन वाकले आणि ते पलंगाशेजारी फरशीवर ठेवलं. सरळ उभं राहिल्यावरही खात्री वाटेना, म्हणून पुन्हा एकदा वाकून पाहिलं. भरलेलंही होतं, आणि खालीही.